गाडीतला मोगरा

सुरुवात झाली ती सुक्या बोंबलांपासून. उरणहून येताना मेहुण्याने प्रेमाने बांधून दिलेलं पुडकं डिकीत उलटलं. घरी आल्यावर पुडकं उचललं, पण त्यातले दोन बोंबील स्टेपनीच्या खाली जाऊन बसले आणि तिथेच राहिले. एप्रिल महिना, गाडी दिवसभर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा काय झालं ते सांगत नाही, जेवायच्या वेळी वाचणारे लोक असतात.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्टेपनी काढून बघितली असती. मी काय केलं? मानसरोवर स्टेशनच्या रस्त्यावर गाडीच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने काउंटरवर सगळा दरबार मांडला. आरशाला लटकवायची झाडं, एसीच्या जाळीत अडकवायच्या डब्या, डॅशबोर्डवरचे जेल, लाकडी बुचाच्या बाटल्या, स्प्रे. लव्हेंडर, लेमन, ओशन, आणि एकाचं नाव तर नुसतंच "ब्लॅक". काळ्या रंगाला वास कसला असतो हे मी विचारलं नाही.

"साहेब, मोगरा घ्या. दोन महिने बघायला नको. फॅमिलीवाले हाच नेतात."

मी फॅमिलीवाला, मी मोगरा घेतला. सव्वातीनशे रुपये.

पुढच्या रविवारी पेणला मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. मी, बायको, मुलगा आणि आई. आईला दमा आहे, जुना. पंप पर्समध्ये असतोच. पळस्प्याला ट्रकांची धूळ म्हणून काचा बंद, एसी चालू, आणि वर हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं. मोगरा जोरात. आई पुढच्या सीटवर, म्हणजे त्या डबीपासून हातभर अंतरावर. आधी ती गप्प झाली. मग पदर नाकाला लावला. मग खोकला. कर्नाळ्याच्या खिंडीजवळ म्हणाली, "अरे, जरा थांबव." गाडी बाजूला घेतली, तर ती उतरून झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि पंप घेतला. पाच-सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, वय झालं, प्रवास सोसत नाही. अगदी खरं सांगायचं तर मनात थोडा वैतागही आला, कारण मुहूर्ताला उशीर होत होता.

संध्याकाळी निघताना आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी उद्या एस.टी.ने येते. मला अर्धं तिकीट आहे." आता २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे हे खरं, पण पोराची गाडी दारात उभी असताना कुणी त्यासाठी एस.टी.ने जात नाही. तिला माझ्या गाडीत बसायचं नव्हतं, आणि तसं मला सांगायचंही नव्हतं. हे मला कळायला पनवेलपर्यंतचा रस्ता लागला. तेही बायकोने सांगितलं म्हणून.

मग मी त्या डबीचं पाकीट शोधून काढलं. किंमत होती, वजन होतं, लहान मुलांपासून दूर ठेवा असं होतं. आत काय आहे, तर "परफ्यूम". बस्स. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती आणि साखर किती हे छापलेलं असतं, आणि जी गोष्ट आपण बंद डब्यात बसून तासन् तास फुफ्फुसात ओढतो, तिच्यावर एक शब्द. त्या एका शब्दात डझनावारी रसायनं मावतात.

मी काही केमिस्ट नाही, पण जे खात्रीचं वाचलं ते सांगतो. हे सुवास म्हणजे हवेत भराभर उडणारी रसायनं. उडाल्याशिवाय ती नाकापर्यंत येणार कशी? त्यातलं लिंबा-संत्र्याच्या वासाचं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिसळलं की थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, आणि ते कॅन्सरकारक म्हणून नोंदलेलं आहे. वास टिकून राहावा म्हणून काही वेळा थॅलेट नावाची द्रव्यं घालतात. अमेरिकेत एनआरडीसी या संस्थेने २००७ साली घरगुती वापराची १४ एअर फ्रेशनर तपासली, तर १२ मध्ये ती निघाली. मेलबर्न विद्यापीठाच्या अ‍ॅन स्टाइनमन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात दर पाचातला एक माणूस म्हणाला की एअर फ्रेशनरने आपल्याला त्रास होतो. डोकं दुखणं, श्वास लागणं वगैरे. म्हणजे आमची आई नाजूक नव्हती. पाच माणसांच्या गाडीत हिशेबाने एकाला त्रास व्हायचाच, आमच्याकडे तो मान तिला मिळाला इतकंच.

लगेच घाबरून जाऊ नका. किती घेतलं आणि किती वेळ घेतलं यावर सगळं असतं. धडधाकट माणूस सौम्य वासाच्या गाडीतून तासभर गेला तर त्याला काही होणार नाही, आणि या डब्यांमुळे अमुक इतके लोक आजारी पडले असं मी म्हणणार नाही. मला काळजी तीन माणसांची आहे: दम्याचा पेशंट, तान्हं बाळ, आणि रोज बारा तास त्याच गाडीत बसणारा टॅक्सीवाला. त्यात आपलं ऊन. अमेरिकेत २००५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेलं आढळलं, काच बोटभर उघडी ठेवूनही विशेष फरक नाही. बाहेर ३५ असेल तर आत ५७ धरा. स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि तो डबा आपण कुठे ठेवतो? डॅशबोर्डवर! माझ्या मोगऱ्याने तर जाता जाता डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर रुपयाएवढा पांढरा डाग पाडला. प्लास्टिकचं हे झालं, मग आपण कोण?

हे सगळं आमच्या "सहकुटुंब" ग्रुपवर लिहिलं तर काकांनी तो जुना मेसेज पाठवला, गाडी सुरू केल्यावर आधी काचा उघडा नाहीतर डॅशबोर्डमधून बेंझीन येऊन कॅन्सर होतो. हा मेसेज मी ई-मेलच्या काळापासून बघतोय. त्यातले आकडे कुणी मोजले याचा पत्ता नाही. पण काका, तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडाव्यात हे मात्र बरोबर आहे, निदान उकाड्यासाठी तरी.

मावशीचं म्हणणं वेगळं. "केमिकल कशाला, भीमसेनी कापराची पुरचुंडी टांग. नैसर्गिक असतं." हल्ली दर तिसऱ्या गाडीत ही पुरचुंडी दिसते. मावशी, रागावू नकोस, पण बोंबलाचा वाससुद्धा नैसर्गिकच होता. कापूर लहान मुलाने तोंडात घातला तर त्याला झटके येऊ शकतात, आणि दम्याच्या माणसाला कुठलाही उग्र वास त्रास देऊ शकतो, मग तो कारखान्यातला असो की देवघरातला. डांबराच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका, गाडीत त्याही ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

गंमत म्हणजे ही सगळी भानगड मुळात माझ्यासारख्याच एका माणसामुळे सुरू झाली. १९५२ साली अमेरिकेत वॉटरटाउन गावी दुधाची गाडी चालवणाऱ्या एकाने सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार ज्युलियस सेमन नावाच्या केमिस्टकडे केली. त्याने कागदी झाडावर सुवास चढवून दिला, तेच आरशाला लटकणारं झाड. त्याच्या वेष्टनाचीही पद्धत आहे, ते एकदम फाडायचं नसतं, दर आठवड्याला थोडं थोडं खाली सरकवायचं. आपण पहिल्याच दिवशी नागवं करून टांगतो आणि मग डोकं दुखलं म्हणतो.

पण त्या दूधवाल्याच्या गोष्टीत मला एक प्रश्न पडतो. गाडी धुतली का नाही कुणी?

माझं मत विचाराल तर हेच आहे. वास ही खबर असते. एसीतून कुबट वास आला तर आत ओल धरून बुरशी आलेली असते. पेट्रोलचा आला तर कुठेतरी गळतंय. त्या खबरीवर मोगरा ओतला म्हणजे खबर ऐकू येत नाही, घडायचं ते घडतच राहतं. कामोठ्यातल्या माणसाला हे मी काय सांगायचं! तळोज्याच्या एमआयडीसीकडून रात्री वारा सुटला की कळंबोली, खारघर, इकडे आपल्याकडे, लोक वासाच्या तक्रारी किती वर्षं करतायत. त्या रात्री आपण गाडीच्या काचा लावतो, बाहेरची हवा बंद करतो. आणि आत? सव्वातीनशे रुपयांचं रसायन स्वखुशीने. तळोज्यावर चिडायचा हक्क मी सोडलेला नाही, पण डॅशबोर्डकडे बघून जरा ओशाळल्यासारखं होतं खरं.

असो. शेवटी स्टेपनी काढली. बोंबील सापडले, त्यांचं वर्णन नको. डिकीचा गालिचा धुऊन दोन दिवस गच्चीत वाळवला. हातमोज्यांच्या कप्प्यामागे (ज्यात कुणाचेच हातमोजे नसतात) एसीचा फिल्टर असतो हे सात वर्षांत मला माहीत नव्हतं. तो काढला तर आत वाळका पाला, केस आणि घोंगडीसारखी धूळ. नवा काही शे रुपयांत आला, मोगऱ्यापेक्षा थोडाच महाग, आणि घरीच बसवता आला. मेकॅनिकने एक युक्ती सांगितली: घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करायचा आणि नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल वाळते. कुबट वास गेला. एरवी टॅक्सीत बसलो आणि वास उग्र असला तर मी आता सांगतो, "दादा, जरा काच खाली घेऊ का?" आजवर कुणी नाही म्हटलं नाही. एक जण तर म्हणाला, "घ्या ना साहेब, माझंही डोकं चढतं, पण वास नसला तर लोक स्टार कापतात."

आई गेल्या गुरुवारी पुन्हा गाडीत बसली, पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला. बसल्या बसल्या दोनदा नाकाने हवा घेतली, इकडेतिकडे बघितलं, आणि पंपाची पर्स मांडीवरून उचलून खाली पायाशी ठेवली. येताना मार्केटजवळ थांबायला लावून तिने पाव किलो सोडे घेतले. तीन पिशव्यांत बांधून घेतले, आणि सगळा रस्ता स्वतःच्या हातात धरून आणले.