मुंबई साऱ्या देशाची, घरपट्टी मात्र आमची!



लालबागच्या चाळमालकाची घरपट्टी थकली, की महापालिका जप्तीची नोटीस डकवते. पण मुंबईतला एक बडा जमीनदार असा आहे, की त्याच्या फाटकाला ती नोटीस कधी लागायची नाही. त्याचं नाव केंद्र सरकार. कुलाब्याचा लष्करी तळ बघा, परळ-माटुंग्याचे रेल्वे कारखाने बघा. बाहेरचा रस्ता आपला, गटार आपलं, आगीचा बंब आपला. पट्टी भरायची वेळ आली, की हात वर!

ही मोगलाई आली कुठून? घटनेच्या २८५ व्या कलमातून. केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला वा राज्यातल्या कोणत्याही संस्थेला कर बसवता येत नाही. १९५० मध्ये घटना लागू होण्याआधी ज्या मालमत्तेवर कर होता, तेवढ्यावरच तो चालू राहू शकतो. इंग्रजाच्या अमलात बसलेला कर टिकला, स्वराज्यात उभी राहिलेली इमारत सुटली! रेल्वेची तर तऱ्हाच न्यारी. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १८४ वं कलम म्हणतं, केंद्र सरकार तसा हुकूम काढील तेव्हाच रेल्वेनं स्थानिक कर भरायचा. ज्यानं द्यायचं त्यानंच ठरवायचं! असा कायदा आमच्या भाडेकरूंसाठी कोणी का करत नाही?

यावर उत्तर तयार असतं: केंद्र ‘सेवा शुल्क’ देतं. देतं, कबूल. २००९ साली राजकोट महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टात दर ठरले. सगळ्या सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, थोड्या घेतल्या तर ५०, काहीच घेतल्या नाहीत तर ३३⅓. पण ही करारानं द्यायची रक्कम. कर म्हणून वसूल करायचा हक्क महापालिकेला नाहीच. उलट राज्य सरकारला मुंबईतल्या आपल्या इमारतींपोटी सर्वसाधारण कराच्या आठ-दशांश रक्कम द्यावी लागते, ती १८८८ च्या महापालिका कायद्यानं. राज्याला जे बंधन, ते दिल्लीला का नको?

वर आम्हालाच टोमणा! १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला, तेव्हा तुम्हीही फुकटेच, म्हणे. वा रे हिशेब! २२५ फुटांच्या खोलीतल्या कामगारानं आयुष्यभर बाजारातल्या मालाच्या किमतीतून जकात मोजली. २०१७ साली जकात गेली नि जीएसटी आला; तो आज साबणाच्या वडीवरही आहे. गेलेल्या जकातीची भरपाई महापालिकेला राज्याच्या तिजोरीतून मिळते, आणि ती तिजोरी चांदा ते बांदा साऱ्यांच्या घामानं भरते. म्हणजे मुंबईच्या खर्चाला बीडचा ऊसतोड्याही हातभार लावतो. शहापूर तालुका तर आपलं पाणी देतो. तानसा, भातसा तिथल्याच. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही तिथलेच. एवढे सगळे वाटेकरी, आणि मोक्याच्या जागा अडवून बसलेल्या धन्याला पुरता वाटा जड होतो!

आमचा लष्कराला विरोध आहे, अशी आवई कोणी उठवू नये. संरक्षण साऱ्या देशाचं, तर त्याचा बोजा साऱ्या देशानं वाहावा. एका शहराच्या करदात्यांनी का? १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला नाकारून केंद्राच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला, तेव्हा आम्हाला ऐकवलं होतं, की मुंबई साऱ्या देशाची. ठीक आहे. मग देशानं घरपट्टी भरावी!

यासाठी घटना बदलावी लागत नाही. सूट काढायची किल्ली २८५ व्या कलमानं संसदेच्याच हाती दिलेली आहे. साधा कायदा केला की झालं. लोकसभेत मुंबईचे सहा खासदार आहेत. मतं मागायला चाळीच्या जिन्यात आले, की कोणत्याही पक्षाचा असो, त्याला अडवून विचारा: हा कायदा मांडलास का? नसशील, तर कधी मांडतोस ते तारखेनिशी सांग.