शोकाला शास्त्राची मनाई नाही

ख्रिस्ती घरात मरण झाले की समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी बजावतोच: विश्वासणाऱ्याने रडू नये, गेलेला माणूस प्रभूकडे गेला आहे. या उपदेशाला आधार दाखवला जातो तो पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा. पण तिथे शोकच करू नका, असे पौल म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढेच म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटी तो मंडळीला एकमेकांचे सांत्वन करायला सांगतो. शोकच करायचा नसेल, तर सांत्वन कोणाचे करायचे? हाच पौल फिलिप्पैकरांस मोकळेपणाने कळवतो की, मरणाला टेकलेला एपफ्रदीत वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते. आशा पक्की असलेल्या माणसाचे हे लिहिणे आहे.

यावर म्हटले जाईल की, पुनरुत्थानावर खरा भरवसा असला की अश्रू आपोआप आटतात. मग योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाचे काय करायचे? लाजाराला उठवायला आपण निघालो आहोत, हे येशू शिष्यांना आधीच सांगतो. बेथानीत दोघी बहिणी त्याच्याकडे एकच गाऱ्हाणे करतात: तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला मात्र उपदेश करत नाही. तिला रडताना पाहून तो स्वतः रडतो. काही घटकांत कबर उघडणार हे ठाऊक असलेल्याचे हे अश्रू आहेत. त्याचा भरवसा कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

शोकाला मनाई करणाऱ्यांच्या बाजूने यहेज्केलाचा दाखला याहून वजनदार आहे. पत्नी वारल्यावर त्याला शोक करायला खुद्द देवानेच मनाई केली. पण लोक लगेच विचारतात, तुझ्या या वागण्याचा अर्थ काय? म्हणजे शोक करणे हीच रीत होती. यरुशलेमच्या नाशाची खूण म्हणून ती एकदा मोडली गेली, आणि अशा खुणेवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तान्हे मूल गेल्यावर उठून जेवायला बसलेला दावीद तेवढा पुढे केला जातो; अबशालोमासाठी आक्रोश करणारा दावीद सोयीने विसरला जातो. त्या आक्रोशाबद्दल यवाबाने त्याला दटावले ते सैन्य बिथरेल म्हणून. विश्वासाचा तिथे प्रश्नच नव्हता.

स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात, हे खरे. पण 88वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरी ते संग्रहात राहिले. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. पुढे ते दुःखाची कारणे सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. उलट, वैभव परत मिळाल्यावरही ईयोबाची भावंडे त्याच्या घरी जेवली आणि तेव्हाही त्यांनी त्याचे सांत्वन केले. समाचाराला जाणाऱ्यांनी खुशाल त्या भावंडांसारखे जावे. रडणाऱ्याच्या विश्वासाची परीक्षा घेण्याचा अधिकार शास्त्राने त्यांना दिलेला नाही.