काउबॉयच्या कादंबऱ्या, चंबळचे बागी आणि आपले घोडेस्वार पूर्वज

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्करातल्या मराठी घरांत पुस्तकांची कमी कधीच नव्हती. कपाटात हरिभाऊ, फडके, खांडेकर, देवघराशेजारी दासबोध, आणि गादीखाली 'सडन'! ऑलिव्हर स्ट्रेंज या इंग्रज लेखकानं १९३० साली सुरू केलेली ही काउबॉय मालिका. तिची कव्हर गेलेली, पानं पिवळी पडलेली पुस्तकं आम्हा मुलांत हातोहात फिरायची. मग झेन ग्रे, लुई लामूर. घरातली मोठी माणसं याला 'मारधाडीचं वाङ्मय' म्हणायची आणि पोराचं इंग्रजी सुधारेल एवढ्या आशेवर चालवून घ्यायची.

निवृत्तीनंतर यातली बरीच पुस्तकं मी पुन्हा वाचली. माझं मत असं की मारधाड हा यातला सगळ्यात फुटकळ भाग. यातल्या बऱ्या कादंबऱ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: जिथे कायदा अजून पोचलेला नाही, तिथे कोणाला 'चोर' म्हणायचं आणि कोणाला 'शूर', हे ठरवतं कोण? आणि हा प्रश्न आपल्यासारख्या, कधीकाळी घोड्यावर बसून परमुलखात आलेल्या घरांना पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त लागू आहे. कसा, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ज्या 'वाइल्ड वेस्ट'वर हजारो पुस्तकं निघाली, त्यातला गुरांचे तांडे शेकडो मैल हाकत न्यायचा काळ जेमतेम वीस वर्षांचा. १८६५ ला तिथलं यादवी युद्ध संपलं आणि १८८५ च्या सुमाराला, काटेरी तारेची कुंपणं नि रेल्वे आल्यावर, तो धंदाही आटोपला. टूमस्टोन गावातली ती प्रसिद्ध गोळीबाराची घटना, २६ ऑक्टोबर १८८१ ची, अर्ध्या मिनिटात संपली. तीन माणसं मेली. गंमत म्हणजे त्या 'बेबंद' गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती, आणि समोरच्यांची हत्यारं काढून घ्यायलाच ते पोलीसवाले गेले होते. म्हणजे कायदा होता. तो कोण, कोणावर आणि कशासाठी चालवतो, भांडण त्याचं होतं.

आता 'द व्हर्जिनियन' घ्या. ओवेन विस्टरची १९०२ सालची कादंबरी. पुढच्या सगळ्या काउबॉय कादंबऱ्यांची ही आजी. नायक रुबाबदार, कमी बोलणारा, दिलेल्या शब्दाला जागणारा. आणि हा नायक आपल्याच जुन्या दोस्ताला, स्टीव्हला, गुरं चोरली म्हणून फाशी देणाऱ्यांत असतो. खटला नाही, वकील नाही. त्याच्यावर जीव असलेली शाळामास्तरीण मॉली हे ऐकून हादरते. मग एक न्यायाधीशसाहेब, हो, चक्क न्यायाधीश, तिची समजूत घालतात की इथली कोर्टं चोरांना सोडून देतात, तेव्हा नागरिकांनी कायद्याला दिलेली सत्ता परत आपल्या हातात घेतली, यात वाईट काय? प्रकरण इतकं गोड लिहिलंय की वाचणारा मान डोलावतो. मीही पंधराव्या वर्षी डोलावली असेल.

पण त्या कादंबरीच्या मागे खरा इतिहास उभा आहे. एप्रिल १८९२ मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन परगण्यात बड्या गुरंमालकांनी पन्नासेक जणांची टोळी घातली. त्यात टेक्सासहून आणलेले भाडोत्री बंदूकबाज होते. कारण एकच: लहान शेतकरी नि छोटे गुरंवाले मोकळ्या कुरणात घुसतायत, म्हणजे ते चोर. नेट चॅम्पियन नावाच्या अशाच एका छोट्या माणसाला त्यांनी लाकडी खोपटात दिवसभर घेरलं, शेवटी खोपट पेटवलं आणि बाहेर पळताना गोळ्या घातल्या. आत अडकलेला असताना हा माणूस खिशातल्या वहीत काय घडतंय ते लिहीत होता. पुढे गावकऱ्यांनीच उलट त्या टोळीला एका वाडीवर कोंडलं, तेव्हा कोणी सोडवलं? सरकारी घोडदळानं. शिक्षा एकालाही झाली नाही. खर्च परगण्याला झेपेना, म्हणून खटलाच बारगळला. आणि टोळीचा म्होरक्या मेजर वोल्कॉट? विस्टर १८८५ साली पहिल्यांदा वायोमिंगला गेला तेव्हा याच वोल्कॉटच्या वाडीवर पाहुणा होता.

म्हणजे बघा, यजमानाची बाजू पाहुण्यानं कादंबरीत मांडली आणि जगानं ती शौर्यकथा म्हणून वाचली. नेट चॅम्पियनची वही कितीजणांनी वाचली?

याच वायोमिंगवर जॅक शेफरनं १९४९ मध्ये 'शेन' लिहिली. त्यात सहानुभूती छोट्या शेतकऱ्याकडे आहे, बडा गुरंमालक खलनायक. प्रदेश तोच, भांडण तेच, 'चोर' मात्र बदलला. छान पुस्तक आहे. पण तिथेही शेवटी प्रश्न सुटतो तो पाहुण्या बंदूकबाजामुळे, आणि तो काम झाल्यावर निघून जातो. ही फार सोयीची कल्पना आहे. खून आपल्यासाठी दुसऱ्यानं करायचे आणि मग त्यानंच गाव सोडायचं. आपला 'शोले' बघा, तिथेही ठाकूर बाहेरून दोघांना भाड्यानं आणतोच की.

या सगळ्याला चपराक म्हणजे 'द ऑक्स-बो इन्सिडेंट', वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कची, १९४० ची. नेव्हाडातलं गाव. एका गुरंवाल्याचा खून झाल्याची बातमी येते, गुरंही गेलेली. गावची मंडळी तावातावानं घोड्यावर बसतात. वाईट लोक नाहीत हो, आपल्यासारखेच. कोणाला सूड हवाय, कोणाला भित्रा म्हणवून घ्यायचं नाहीये, कोणी नुसता सोबत आलाय. रात्री तिघं परके सापडतात, पहाटे फासावर जातात. परत येताना कळतं, ज्याचा खून झाला म्हणतात तो जिवंत आहे. बस, एवढीच गोष्ट. यात साहस कुठे आहे? मला वाटतं त्या गर्दीत 'नाही' म्हणणाऱ्या चार-पाच माणसांत, आणि त्यांचंही काही चालत नाही.

एक मोठं भोक मात्र या जवळजवळ सगळ्या पुस्तकांना आहे. सगळ्यात मोठा कायदाभंग त्यांत कायदाभंग म्हणून येतच नाही. १८६८ मध्ये अमेरिकन सरकारनं फोर्ट लॅरमीला लाकोटा लोकांशी करार करून काळ्या टेकड्यांचा मुलूख त्यांचा म्हणून मान्य केला. १८७४ ला तिथे सोनं सापडलं आणि तीन वर्षांत मुलूख काढून घेतला. एका घोडेचोराला झाडावर लटकवणाऱ्या कादंबऱ्या या चोरीबद्दल गप्प. १९८० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं लाकोटांना भरपाई कबूल केली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, जमीन मागितली.

आता आपल्याकडे येऊ. इथून पुढचं काहींना आवडणार नाही, तरी लिहितो.

आपण चंबळच्या काठचे लोक. मोरेना-भिंडच्या गावात 'डाकू' म्हटलं तर समोरचा दुरुस्त करतो, 'बागी' म्हणा. मानसिंग १९५५ ला पोलिसांच्या गोळीनं मेला, त्याच्या गावी त्याचं मंदिर आहे. १९७२ ला जौराला माधोसिंग, मोहरसिंग यांनी जयप्रकाशजींसमोर हत्यारं ठेवली तेव्हा आमच्या घरी रेडिओभोवती सगळे जमलेले मला आठवतात. या बागींच्या गोष्टी आपण मराठी लोक कशा सांगतो? जरा नाक मुरडून. 'हे इकडचे लोक असेच.' जणू आपण इथे सत्यनारायणाला आलो होतो!

लष्कर म्हणजे काय हो? फौजेची छावणी. दौलतराव शिंद्यांचा तळ पडला नि त्याचं शहर झालं. घरोघरी एक तलवार आहे किंवा तलवारीची गोष्ट आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी एक पूर्वज होते, वसुलीला दीडशे घोडा घेऊन जायचे आणि रिकामे कधी परतायचे नाहीत. गोष्ट रंगायची, आम्ही डोळे विस्फारून ऐकायचो. ज्या गावातून ते 'रिकामे परतले नाहीत', त्या गावात त्या रात्री काय झालं, हे त्या गोष्टीत कधीच नसायचं. बंगालमध्ये मुलांना निजवताना अजूनही बारगीरांची भीती घालणारं गाणं म्हणतात, ते बारगीर आपलेच. आणि १८१७ चं पाहा: होळकरांबरोबर वावरलेला, इंग्रजांनी लुटारूंत गणलेला अमीर खान तहावर सही करून टोंकचा नवाब झाला. पेंढाऱ्यांचा चितू सही न करता रानात पळाला आणि दोन वर्षांनी वाघानं मारला. एकाच्या वंशाला गादी, दुसऱ्याचं नाव शिवीसारखं.

पूर्वजांची लाज बाळगा, असं मी म्हणत नाही. माझ्याही भिंतीवर ती तलवार आहे, दसऱ्याला मी तिला झेंडू वाहतो. पण आपण ज्या आठवणी लिहून काढतोय, वाडा, देवघर, दरबार, गणपती, त्यात वसुली दिलेल्या गावाची बाजूही कुठे सापडली तर घालावी. जुन्या मोडी कागदांच्या रुमालांत 'गाव उजाड', 'रयत परागंदा' अशी नोंद दिसली तर ती ओळ गाळू नये. वाचता येणारे आपल्यात अजून दोन-चार जण आहेत, तोवर हे काम होईल.

आणि नातवंडांना वाचायला काही द्यायचं असेल तर चार्ल्स पोर्टिसची 'ट्रू ग्रिट' द्या, १९६८ ची. चौदा वर्षांची मॅटी रॉस बापाच्या खुन्याला पकडायला निघते. बंदूकबाज रूस्टर कॉगबर्नला कामावर ठेवण्याआधी ती कोर्टात जाऊन बसते, तिथे वकील त्याला उलटसुलट विचारतोय की सरकारी नोकरीत आजवर किती माणसं मारलीस. ही पोर व्यवहाराला पक्की, घोड्यांच्या व्यापाऱ्याला वकिलाची धमकी देऊन पैसे वसूल करते. शेवटी सूड मिळतो, पण एक हात जातो, आणि त्याचा हिशेबही ती तितक्याच कोरडेपणानं देते. माझ्या पुतणीच्या मुलीनं दोन दिवसांत संपवली. आता विचारतेय, आपल्या त्या दीडशे घोडेवाल्या आजोबांची वसुलीची वही आहे का कुठे. माळ्यावरची ट्रंक रविवारी उतरवतोय.