सुईण गेली, मिडवाइफ आलीच नाही

12 मे झाला. रुग्णालयांत मेणबत्त्या लागल्या, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडला, सिस्टरांना गुलाब मिळाले. त्याच्या आदल्या आठवड्यात, 5 मेला, आंतरराष्ट्रीय सुईण दिन होऊन गेला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लालबाग-परळमध्ये ‘आम्ही वाडियातले’ असं कौतुकानं सांगणारी माणसं घरोघर भेटतात. त्यांना जगात आणणारे हात कुणाचे होते, असं विचारलं तर फार तर डॉक्टरीणबाईंचं नाव निघतं.

परळचं नौरोजी वाडिया प्रसूतिगृह 1926चं. त्याआधी गिरणगावातलं बाळंतपण बहुधा चाळीतल्या खोलीतच व्हायचं. पुरुषमाणसं गॅलरीत, आत सुईण. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांनी गावची रीत सोबत आणली होती. गावाकडे हे काम बरेचदा न्हाव्याच्या किंवा मांगाच्या घरची बाई करी. गोव्याच्या ख्रिस्ती वस्तीत तिला वैजीण म्हणत. नाळ कापायची, वार पुरती पडली का ते बघायचं, बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळाला तेल चोळून न्हाऊ घालायचं. मोबदल्यात लुगडं-खण, नारळ, थोडे तांदूळ. पाचवी पुजली, सोयर फिटलं की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. ती मांगीण असेल तर तिनं भरलेलं पाणी त्या घरात चालत नसे, पण घरातलं मूल सगळ्यांत आधी झेलायला मात्र तीच लागे.

विटाळ जातीपुरता नव्हता, बाळंतपणालाच होता. पारशी घरांतही बाळंतीण तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत चाळीस दिवस वेगळी बसे आणि बाळंतज्वरानं बायका दगावत. डॉ. तेमुलजी नरिमन यांनी फोर्टात पारशी प्रसूतिगृह काढलं ते हे पाहून.

सरकारी डॉक्टरांनी मात्र सगळं खापर दाईच्या डोक्यावर फोडलं. न धुतलेले हात, नाळेला लावलेला विळा, त्यातून होणारा धनुर्वात, हे काही खोटं नव्हतं. पण व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसनं 1847 मध्ये काय दाखवलं होतं? शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात सुइणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बायका मरत होत्या. तिथं डॉक्टरांना हात धुवायला लावले, डॉक्टरकी बंद केली नाही. आपल्याकडेही लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं 1903 मध्ये दायांना शिकवण्यासाठी निधी निघाला, पण सुधारणेचा ओघ एकूण दाईला शिकवण्यापेक्षा तिला बाजूला सारण्याकडेच राहिला.

तिच्या जागी नर्स आली. जॉर्ज किट्रिज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी 1883 मध्ये निधी उभारून इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना मुंबईत आणलं. 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं, बायकांसाठी आणि बायकांनीच चालवलेलं. पीचीबाईंनी तिथं नर्सचं शिक्षणही सुरू केलं. पण शिकायला येणार कोण? परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, रक्त-घाण काढायची. पांढरपेशा गिरगावाला ते पटणारं नव्हतं. मग आल्या त्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी, बेने इस्रायल मुली, आणि हिंदूंमधल्या विधवा. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला मुली धाडल्या, तेव्हा त्यांनाही टीका सोसावी लागली. म्हणजे सुईणीचा विटाळ नर्सच्या पांढऱ्या पोशाखालाही चिकटलाच. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात 1891 मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव असतं. एक ओळ, परीक्षेत एका मार्काला. कामांचं आणि वाडियांचं नाव दगडात कोरलं गेलं. देणगी दिली, योग्यच आहे. पण काशीबाईंच्या नावाची निदान एखाद्या वॉर्डाला पाटी लावायला कुणाची हरकत होती?

मिडवाइफ वेगळी उरली नाही, हे त्यानंतरचं. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. अभ्यासक्रमाचं नाव ‘जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी’, नोंदणीची अक्षरं आरएनआरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ. कागदावर आपल्या सिस्टर दोन्ही आहेत. कामावर मात्र आज लेबर रूम, उद्या ऑर्थो, परवा आयसीयू. सहा महिन्यांत बाळंतपणाचा हात बसतो आणि बदली होते. पालिकेच्या प्रसूतिगृहात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, नॉर्मल डिलिव्हरी कोण करतं ते. निर्णयाचा अधिकार आणि कागदावरची सही मात्र दुसऱ्याची.

अधिकार नसतानाही ही बाई काय करू शकते, ते याच कामा रुग्णालयात 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री दिसलं. अतिरेकी आवारात शिरलेले. परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका. त्यांनी वॉर्डाची दारं लावून घेतली, वीसही जणींना पँट्रीत बसवलं. त्यातल्या एकीचा रक्तदाब वाढलेला, तिला कळा सुरू झाल्या. गोळीबार चालू असताना कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिकक्षात घेऊन गेल्या. बाळ सुखरूप झालं. पुढे त्यांनी त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखलं आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती रात्र सांगितली. शौर्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. त्या रात्री कळा ओळखून निभावून नेण्याचं जे कसब कामी आलं, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

2018 मध्ये केंद्रानं स्वतंत्र मिडवाइफ घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली: नर्सिंगनंतर दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि गुंतागुंत नसलेलं बाळंतपण तिच्या हाती. 2023 मध्ये नवा परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही आला. गरज आकड्यांतच दिसते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत जवळपास निम्मी, म्हणजे 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. सगळीच सिझेरियन अनाठायी नसतात, हे मान्य. पण कळा सुरू झालेल्या बाईपाशी रात्रभर धीरानं बसणारं माणूस ज्या व्यवस्थेत नाही, तिथं सुरी लवकर निघते.

महापालिकेला माझं सांगणं एवढंच. परळ-नायगाव पट्ट्यातलं एक प्रसूतिगृह निवडा. तिथं प्रशिक्षित मिडवाइफ नेमा, दर सहा महिन्यांनी त्यांची बदली करू नका, नॉर्मल बाळंतपणाचा निर्णय आणि सही त्यांची असू द्या. अडलं तर केईएम आणि वाडिया हाकेच्या अंतरावर आहेत.