माडीवरचा कारखाना
एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या पुतण्यानें, विद्युत्‌शाखेची पदवी व बरी नोकरी हातीं असतां, माडीवरच्या खोलींत गिटारचीं पेडलें करावयास घेतलीं आहेत, आणि आतां तो नोकरी सोडूं म्हणतो. घरांत दोन तट पडले आहेत. थोरल्या दिरांच्या मतें हें निव्वळ वेड; जाऊबाई म्हणतात, पोर रात्ररात्र जागून कांहीं घडवीत आहे, त्याचें मन मोडूं नये. आमचें मत भगिनींनीं विचारलें आहे.

वडील मंडळींचा अर्धा विरोध वस्तु न कळल्यामुळें असतो, म्हणून आधीं वस्तु पाहूं. विजेच्या गिटारच्या तारांखालीं चुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार थरारली कीं त्यांत अगदीं क्षीण विद्युल्लहर उत्पन्न होते, व ती ध्वनिवर्धकाकडे जातां जातां वाटेंत एका डबींतून नेतात. डबी जमिनीवर, वादकानें पायानें कळ दाबली कीं आंतील मंडल त्या लहरीचें रूप पालटतें. एका जुन्या प्रकारांत लहर इतकी फुगवितात कीं तिचीं शिखरें छाटलीं जातात, आणि स्वर खरखरीत व रुंद होतो. ज्यांस खरखर म्हणजे बिघाडच वाटतो, त्यांनीं तंबोऱ्याची जवारी आठवावी. तेथेंहि तारेखालीं दोरा सरकवून आपण स्वच्छ नादांत झणत्कार आणतोंच, आणि ती जवारी लावणाऱ्या मिरजेच्या कारागिरास आपण वेडा म्हणत नाहीं.

या स्वराचा जन्म मात्र खरोखरच बिघाडांतून झाला. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें 1960 सालीं मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला व वादन फाटक्या आवाजांत उमटलें. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तो आवाज देणारें मंडलच सिद्ध केलें, आणि गिब्सन कंपनीनें 1962 त तें ‘मास्त्रो फझटोन’ या नांवानें बाजारांत आणलें. पहिल्या वर्षीं पांच हजारांवर नग दुकानांत गेले आणि तेथेंच पडून राहिले. 1965 त ‘रोलिंग स्टोन्स’ यांच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ गीतांत तो स्वर घुमला, तेव्हां कोठें सांठा हालला. गिब्सनसारखी जुनी पेढी तीन वर्षें माल उराशीं धरून बसूं शकली. माडीवरच्या कारखानदारास तीन महिनेहि जड जातील.

आतां हाताच्या कामाविषयीं. लंडनमध्यें 1966 त निघालेल्या ‘फझ फेस’ या पेडलांत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर व स्वर कमीअधिक करण्याचीं दोन बटणें, एवढाच संसार आहे. अकरा जिनसा! मग कारागिरी ती कोणती? जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकाच पिशवींतून काढले तरी एक दुसऱ्यासारखा नसतो. एकाची वर्धनशक्ति साठ, तर शेजारच्याची दीडशें. शिवाय उष्मा वाढला कीं त्यांतून प्रवाह गळूं लागतो व स्वर विटतो. म्हणून एकेक नग मोजावा, मग कानानें ऐकून जोडी लावावी लागते. आणि वैशाखांत तापलेल्या माडीवर जमलेली जोडी माघांतल्या पहाटे तशीच वाजेल, असेंहि नाहीं. आमच्या मतें या धंद्यांत हाताचें मोल आहे तें या निवडींत व कानांत. सोल्डर यंत्रहि देतें, व पुष्कळदां माणसाहून नीटस देतें. केवळ ‘हातानें केलेलें’ म्हणून अधिक दाम मागणें आम्हांस पटत नाहीं.

एकट्यानें हा धंदा कसा होतो, याचें उत्तम उदाहरण बॉस्टनचे बिल फिनेगन. 1994 च्या अखेरीपासून त्यांनीं ‘क्लॉन सेंटॉर’ हें पेडल विकलें व सुमारें पंधरा वर्षांत आठ हजारांच्या आसपास नग स्वतः जुळविले. (सेंटॉर म्हणजे अर्धा अश्व, अर्धा नर, आपल्याकडचे अश्वमुख किन्नरहि गवईच.) नक्कल होऊं नये म्हणून त्यांनीं मंडलावर राळेसारखा घट्ट लेप ओतला. उत्साही मंडळींनीं तो खरवडून काढलाच, आणि नकलांचें पीक आलें. इकडे मूळ नग लिलावांत हजारों डॉलरांस जाऊं लागले. त्यांतील बहुतेक पैसा फिनेगन यांच्या हातीं पडला नाहीं. मागणी एका माणसाच्या हातांस पुरेनाशी झाली, तेव्हां 2012 त त्यांनीं तें मंडल यंत्रानें करविलें, व या अवास्तव बोलबाल्याचा कर्ता आपण नव्हे अशा अर्थाचें वाक्य डबीवरच छापलें. 2024 त एका बड्या कारखान्यानें नांव व रूप उचललें, तेव्हां मात्र ते न्यायालयांत गेले व पुढें तडजोड झाली. मंडलाची गुप्तता फार काळ टिकत नाहीं. नांवास व चिन्हास कायद्याचा आधार असतो. पुतण्यानें नांवाची नोंदणी आधीं करावी, लेपाची खटपट मागाहून.

दुसरी वाट ओहायोमधील ॲक्रन शहरची. तेथें जेमी स्टिलमन यांनीं 2004 सालीं एक मोडकें पेडल दुरुस्त करतां करतां स्वतःचीं करावयास घेतलीं. त्यांतून ‘अर्थक्वेकर डिव्हायसेस’ हा अनेक माणसांचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडेहि मुंबईच्या ‘ॲनिमल फॅक्टरी’चीं पेडलें परदेशच्या वादकांपर्यंत गेलीं आहेत. तेव्हां धंदा अशक्य आहे, हें थोरल्या दिरांचें म्हणणें आम्ही मान्य करीत नाहीं.

परंतु हिशेब करावा. समजा, एका पेडलास 1,800 रुपयांचा माल लागला (त्यांत मंडलापेक्षां ॲल्युमिनियमची पेटी, पायकळ व रंग यांचाच भाग मोठा), आणि तें 6,000 स विकलें. दुकानदाराचा तिसरा हिस्सा 2,000 वजा जातां उरले 4,000. माल वजा जातां 2,200. जुळणी, तपासणी, रंग, टपाल आणि गिऱ्हाइकांच्या शंकांचीं उत्तरें धरून सहा तास गेले, तर तासास साडेतीनशेंच्या थोडें वर. फुकट गेलेले नग, हत्यारें, कर, आणि वर्षभरानें झिजलेली पायकळ विनामूल्य बदलून देणें, हें सारें त्यांतूनच. महिन्यास वीस पेडलें गेलीं तर 44,000. पांच गेलीं तर 11,000. बहुतेक तरुण हिशेबांत आपले तास धरीतच नाहींत, आणि एकत्र कुटुंबांत तर खोलीचें भाडें, वीज व दोन वेळचें ताट हींहि दिसत नाहींत. तीं आईच्या पदरांतून जातात.

म्हणून आमचें मत असें: खोली द्यावी, नोकरी सोडूं देऊं नये. पहिले पंचवीस नग, घरच्या व मित्रांच्या ओळखीबाहेर, पुऱ्या किमतीस विकून दाखवावे, आणि वही दर महिन्यास वडिलांपुढें ठेवावी. दिरांनींहि ती वाचावी. न वाचतां नाहीं म्हणूं नये. वर्षभर महिन्यास दहा नग सुटले, तर नोकरीचा प्रश्न पुन्हां काढावा. त्या वेळीं आम्ही जाऊबाईंच्या बाजूस असूं.

एक गोष्ट भगिनींनीं विचारलेली नाहीं, पण घरांत लहान मुलें आहेत असें पत्रावरून दिसतें. सोल्डरमध्यें पुष्कळदां शिसें असतें. तें काम जेवणाच्या मेजावर मुळींच होऊं नये. खिडकी उघडी असावी, धूर बाहेर ओढणारा पंखा असावा, तुकडे झाडून वेगळ्या डब्यांत ठेवावे, आणि पुतण्यानें साबणानें हात धुतल्यावांचून पानावर बसूं नये.