भंगारात निघालेली जबाबदारी

बोईसरच्या एखाद्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत फ्रीज कायमचा बंद पडला की घरातल्यांपुढे पहिला प्रश्न येतो तो दुरुस्तीचा आणि दुसरा, त्याहून अवघड, तो जागेचा. कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च ऐकूनच दुरुस्तीचा विचार बारगळतो आणि भांडी, अंथरुणे व मुलांची दप्तरे यांच्यामध्ये उभे असलेले ते निर्जीव कपाट रोज पायांत येऊ लागते. ते घालवायचे कसे? दुकानदार जुना फ्रीज नेतो, पण तो नवा घेणाऱ्याचा. ज्याची ऐपत वापरलेलाच फ्रीज विकत घेण्याची आहे त्याला ती सवलत नाही. अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे टेम्पोने पाठवावा, तर भाड्यातच त्याची किंमत बुडते. उरतो तो हातगाडी घेऊन दाराशी येणारा भंगारवाला. तो फ्रीज जिना उतरवून नेतो, काट्यावर तोलतो आणि वर चार पैसे हातावर ठेवतो. महिनाअखेरीस तोंडमिळवणी करणाऱ्या कुटुंबाने त्याचीच वाट धरली, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

मात्र फ्रीज घराबाहेर गेला म्हणून प्रश्न संपत नाही. भंगारवाल्याला हवे असते ते तांबे आणि लोखंड. ते काढण्यासाठी प्रथम नळी कापली जाते आणि आतील वायू हवेत निघून जातो. कॉम्प्रेसर फोडला की त्यातील तेल जमिनीवर सांडते. दाराच्या आणि भिंतींच्या आतील फोमला गिऱ्हाईक नसल्याने तो उकिरड्यावर जातो किंवा पेटवला जातो. फार जुन्या फ्रीजमधील क्लोरोफ्लोरोकार्बन ओझोनच्या थराला घातक ठरले, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारान्वये ते हद्दपार करण्याचे ठरले. त्यानंतर आलेल्या आर-134ए या वायूने ओझोनची हानी होत नाही. पण असा एक किलो वायू हवेत जाणे म्हणजे सुमारे 1400 किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे असते. अलीकडील फ्रीजमधील आयसोब्युटेन हा त्या दृष्टीने निरुपद्रवी खरा, परंतु तो ज्वालाग्राही आहे. कोंदट खोपटात ठिणगी उडवत नळी कापणाऱ्या मजुराला हा फरक कोणी समजावून सांगितला आहे काय?

कायदा नाही असे नव्हे. विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे 2011 चे नियम 1 मे 2012 पासून अमलात आले आणि फ्रीज, धुलाई यंत्र, दूरचित्रवाणी संच यांच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आली. 2016 च्या नियमांनी संकलन केंद्रे आणि जुन्या वस्तू परत घेण्याची व्यवस्था यांवर भर दिला. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी वस्तूंची यादी बरीच वाढवली आणि सारा भर पुनर्प्रक्रियेच्या प्रमाणपत्रांवर दिला. उत्पादकाने ठरलेल्या प्रमाणात कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याचे नोंदणीकृत केंद्राचे प्रमाणपत्र विकत घेतले की त्याचे कर्तव्य पूर्ण होते. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत सुटसुटीत आहे. परंतु तो कचरा कोठून गोळा झाला याच्याशी प्रमाणपत्राला कर्तव्य नाही. महानगरातील कचेऱ्यांनी टाकलेले संगणक गोळा करून उद्दिष्ट गाठता येत असेल, तर बोईसरच्या चाळीचा जिना चढण्याची गरज कोणाला वाटावी?

या प्रमाणपत्रांचा किमान दरही शासनाने ठरवून दिला. घरगुती विद्युत उपकरणांसाठी किलोमागे 22 रुपये हा तो दर. तो जड होतो म्हणून काही बड्या उत्पादकांनी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. या वादात एका बाजूला उद्योग आहेत, दुसऱ्या बाजूला शासन. ज्याच्या घरात फ्रीज अडला आहे तो गृहस्थ आणि जो तो पाठीवर वाहून नेतो तो भंगारवाला, हे दोघेही त्यात कोठेच नाहीत. किलोच्या दरावर एवढी खडाजंगी होत असताना त्यातला एक रुपयाही या दोघांपर्यंत कसा पोहोचेल, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

यावर दोन सोपे उपाय नेहमी सुचवले जातात. पहिला, भंगारवाल्यांना बंदी करावी. पण बंदीने त्यांचा धंदा थांबणार नाही, तो फक्त रात्री चालेल. दुसरा, वस्तू टाकणाऱ्यानेच विल्हेवाटीचे पैसे भरावेत. जपानने 2001 पासून ही पद्धत स्वीकारली. तेथील नागरिक फ्रीज टाकताना शुल्क भरतो, आणि ते चुकवण्यासाठी रानावनात टाकून दिलेल्या उपकरणांची डोकेदुखी त्या शिस्तप्रिय देशालाही झाली. जेथे भंगाराचे दोन-चारशे रुपये ही घरखर्चातली खरी भर असते, तेथे उलट पैसे मागणे म्हणजे फ्रीज खाडीत टाकण्याचे आमंत्रण देणेच होय. युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशानुसार नवी वस्तू विकणाऱ्यावर जुनी विनामूल्य परत घेण्याचे बंधन घातले. ते अधिक शहाणपणाचे आहे. मात्र नवे न घेणाऱ्याची अडचण त्यानेही पुरती सुटत नाही.

बोईसरपुरता तरी मार्ग दूर नाही. ज्या गावाच्या कुशीत तारापूरची औद्योगिक वसाहत उभी आहे, तेथे यंत्र उघडणारे कुशल हात आणि शेड यांची वाण नाही. सुटे भाग वेगळे करण्यासाठी औद्योगिक वसाहतींत जागा राखून ठेवावी, त्या कामातील मजुरांची नोंद करून त्यांना शिक्षण द्यावे, ही राज्याच्या उद्योग व कामगार खात्यांची जबाबदारी असल्याचे नियमांतच नमूद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून तारापूरचे नाव पहिले लागले. त्या लौकिकाचे थोडे परिमार्जन करण्याची ही संधी आहे. एक शेड, वायू काढून साठवणारे यंत्र आणि चोख वजनकाटा एवढ्यावर प्रारंभ करता येईल.

मात्र शेडपर्यंत फ्रीज आणणार कोण? भंगारवालाच. म्हणून त्याला गुन्हेगार न मानता ओळखपत्र द्यावे, आणि नळी न कापलेला सबंध फ्रीज आणला तर तोडलेल्या मालापेक्षा चढा दर द्यावा. तांब्याचा मोह उपदेशाने सुटत नाही. सबंध फ्रीज देण्यात अधिक फायदा दिसला तर तो आपोआप सुटेल. हा फरकाचा पैसा उत्पादकांनी प्रमाणपत्रांपोटी मोजलेल्या रकमेतून यावा, गृहस्थाच्या खिशातून नव्हे. शहराएवढ्या वस्तीचा भार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या खांद्यावर वाहणाऱ्या या गावात स्थानिक संस्थेला महिन्यातील एक ठरलेला वार जाहीर करून गाडी फिरवण्यापुरते साह्य जिल्हा प्रशासनाने करणेही कठीण नाही.

काटकसरीने संसार करणाऱ्याकडून पर्यावरणासाठी त्यागाची अपेक्षा करणे सोपे असते. वास्तविक त्याने आपला वाटा कधीच उचललेला आहे. एकच फ्रीज दुरुस्त करकरून तो वर्षानुवर्षे वापरतो. आता पाळी आहे ती ज्यांनी तो विकून नफा मिळवला त्यांची आणि त्यांच्याकडून हिशेब घेण्याचे ज्यांनी पत्करले त्या शासनाची. कागदावरील प्रमाणपत्र आणि चाळीच्या जिन्यावर अडलेला फ्रीज यांची गाठ जोवर पडत नाही, तोवर नियम कितीही वेळा सुधारले तरी नळी कापलीच जाणार.