कमरेचा पुरावा

स्त्रीची कंबर नितंबांच्या ०.७ पट असली की तिची कूस उजवणारच, हा समज शास्त्राचा टिळा लावून स्थळे पाहणाऱ्या सुशिक्षित घरांत शिरला आहे. आम्हांस तो सर्वथा अमान्य आहे. इस्ट्रोजेन मेद नितंबांकडे वळवते, ऋतुनिवृत्तीनंतर मेदाचा ओढा पोटाकडे होतो, हे खरे. हॉलंडमधील १९९३ च्या पाहणीत कमरेचे प्रमाण वाढता गर्भधारणेची शक्यता घटलेली दिसली, हेही खरे. परंतु तो अनेकींचा हिशेब. एकीचे निदान नव्हे. त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठातील देवेंद्र सिंग यांनी ०.७ हा आकडा गाजविला, तो ‘मिस अमेरिका’ सुंदऱ्यांच्या मापांवरून आणि पुरुषांच्या पसंतीवरून! पसंतीला प्रसूतीचा दाखला मानणे हा कोठला न्याय? पीसीओएसचे २००३ चे रॉटरडॅम निकष पाहावेत: बीजमोचनातील अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, अंडाशयाचे चित्र. कमरेचा त्यांत उल्लेखही नाही, आणि ही व्याधी सडपातळ मुलींनाही जडते. शिवाय अपत्यहीनतेचे कारण पुष्कळदा पुरुषात असते. पण वीर्यतपासणीचा साधा कागद मागितला की मुलीची मापे विचारणाऱ्या वरपक्षाचीच जीभ अडखळते.